चमकी लावलेली बाटली

दर वर्षी डिसेंबरात आमच्या शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरते आणि त्यात 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाचे एक लांबलचक टेबल असते. पाण्याच्या बाटलीची पेनदाणी, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, जुन्या सीडींचे तोरण, कागदी कपांचा मोर अशा वस्तू त्यावर मांडलेल्या असतात, पालक कौतुकाने फोटो काढतात आणि मुले आपापल्या वस्तूशेजारी ताठ उभी राहतात. मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत दुसरी-तिसरीला शिकवते, आणि हे टेबल कित्येक वर्षे मीच मांडत आले आहे. तीन वर्षांपूर्वी प्रदर्शन संपल्यावर, मुलांनी घरी न नेलेल्या वस्तू एका पोत्यात भरून मी शाळेत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हाती दिल्या. त्यांनी पोत्याचे तोंड उघडले, वरची एक पेनदाणी काढून उलटसुलट पाहिली आणि अगदी सहज म्हणाल्या, "बाई, बाटली चांगली होती हो. आता फेविकॉल लागला, चमकी लागली, आता भंगारवाला घेत नाही. कशाला करायला लावता असलं पोरांना?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले असणार, ते आता आठवत नाही. पुढच्या आठवड्यात वर्गात मात्र मी मुलांना विचारले की बाटल्या आणल्या कुठून. अर्ध्याहून अधिक मुलांनी सांगितले की घरात रिकामी बाटली नव्हती, म्हणून बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची नवी बाटली आणली. एकीच्या आईने तर त्यातले पाणी तुळशीला घातले होते, कारण घरी पिण्याचे पाणी होतेच. म्हणजे टाकाऊ वस्तू टिकाऊ करण्यासाठी आम्ही आधी नवी वस्तू विकत आणली होती, तिला रंग, गोंद आणि चमकी लावून ती पुन्हा वितळवण्याच्या कामातून कायमची बाद केली होती, आणि दोन आठवडे टेबलावर मिरवून शेवटी कचऱ्यात टाकली होती. बाटली तशीच ताईंच्या पोत्यात गेली असती, तर तिचे तुकडे होऊन, धुऊन, त्यातून धागा निघाला असता. पॉलिएस्टरचे कितीतरी कापड अशाच बाटल्यांपासून बनते. हस्तकलेला माझा मुळीच विरोध नाही. मुलांच्या बोटांना ती हवीच. पण हस्तकलेच्या तासाला कचऱ्याचा धडा म्हणणे मी त्या दिवसापासून सोडले.

पाठ्यपुस्तकात आणि भिंतीवरच्या तक्त्यांवर तीन गोष्टी एका ओळीत लिहिलेल्या असतात: कमी वापरा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रीकरण करा. (यातला तिसरा शब्द दुसरीतल्या मुलाला फळ्यावरून वहीत उतरवायलाच निम्मा तास लागतो.) एका ओळीत लिहिल्यामुळे तिन्ही सारख्याच वाटतात, आणि त्यांतली तिसरी सर्वांत देखणी असल्याने आम्ही शिक्षक तिच्यावरच वेळ घालवतो. वस्तुतः त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. जी वस्तू वर्गात आलीच नाही तिच्यासाठी पोते लागत नाही, ढकलगाडी लागत नाही आणि कारखानाही लागत नाही. एवढी गोष्ट सात वर्षांच्या मुलाला कळते का? कळते, पण ती सांगून कळत नाही, त्याच्यासमोर डबा उलटा करावा लागतो.

तसा तो आम्ही केला. जानेवारीतल्या एका सोमवारी वर्गातल्या कचऱ्याच्या डब्याला हात लावू नका असे शिपाईकाकांना सांगून ठेवले आणि शुक्रवारी फरशीवर जुनी वर्तमानपत्रे पसरून त्यावर डबा पालथा केला. मुलांच्या हाती स्वयंपाकघरातले चिमटे दिले होते आणि नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे हे आधीच ठरले होते. पेन्सिलींची टोके, खोडरबराचा चुरा, बिस्किटांच्या पुड्यांचे कागद, वेफर्सची पाकिटे, चावून चपटी केलेली रिफिल, टोपणे हरवलेली आणि म्हणून वाळून गेलेली पाच स्केचपेने, पोळीचे अर्धे भाग, केळ्याची साल, एक सुकलेला गजरा, आणि सर्वांत मोठा ढीग होता तो वहीच्या पानांचा. त्यांतल्या बहुतेक पानांवर जेमतेम एक ओळ लिहिलेली होती. अक्षर बिघडले की पान फाडायचे, ही सवय मुलांना कुणी लावली याचा मी विचार केला आणि उत्तर मला आवडले नाही. 'स्वच्छ लिहा, खाडाखोड नको' हे मीच तर सारखे सांगत असते. त्या दिवसापासून माझ्या वर्गात चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारून पुढे लिहायचे असा नियम आहे, आणि पानांचा ढीग कमी होण्यासाठी यापलीकडे काहीच करावे लागले नाही.

कचऱ्याची ओला आणि सुका अशी विभागणी शिकवायला मी दुसऱ्याच दिवशी बसले आणि तिथे आमची गाडी चांगलीच अडली. पुण्यातल्या मुलांना हे दोन शब्द दारावर येणाऱ्या कचरावेचकांमुळे पाठ असतात, पण ते शब्द मुलांच्या बाजूने ऐकून पाहा. एका मुलाने पाणी सांडलेली प्लास्टिकची पिशवी ओल्या डब्यात टाकली, कारण ती ओली होती. एकीने वाळलेले पिंपळाचे पान सुक्या डब्यात टाकले आणि ते सुके असल्याचे चुरून दाखवले. अंड्याचे टरफल, नारळाची करवंटी, कांद्याची साले आणि शेंगदाण्यांची फोलपटे तर मुलांच्या दृष्टीने ठणठणीत कोरडी. मी त्यांना चूक म्हणू शकत नव्हते, कारण भाषेच्या हिशेबाने त्यांचेच बरोबर होते. आपण मोठ्यांनी 'ओला' या शब्दाला 'कुजणारा' असा अर्थ चिकटवला आहे आणि तो मुलांना सांगायला विसरलो आहोत. मग आम्ही वर्गापुरते शब्द बदलले आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचे ठरवले: ही मातीत पुरली तर हिची माती होईल का? होणार असेल तर हिरवा डबा, होणार नसेल तर निळा. पेन्सिलीच्या टोकांवरून बराच वाद झाला, कारण लाकडाची माती होते पण वरच्या रंगाचे काय, असा मुद्दा एका मुलीने काढला. तो मला अजून नीट सोडवता आलेला नाही, म्हणून आम्ही टोके हिरव्या डब्यात टाकतो आणि रंगाविषयी गप्प बसतो.

प्रश्न विचारला म्हटल्यावर उत्तरही तपासायला हवे होते. शाळेच्या मागच्या बाजूला दोन मोठ्या कुंड्या होत्या. त्यांत केळ्याची साल, वहीचे पान, सुती कापडाची चिंधी, पळसाच्या पानांची पत्रावळ, चकचकीत चंदेरी पत्रावळीचा तुकडा, चॉकलेटचा कागद आणि चहाचा कागदी कप अशा वस्तू पुरल्या, प्रत्येकीच्या जागी चिठ्ठी लावलेली काडी खोचली आणि रोज थोडे पाणी घालून दोन महिन्यांनी उकरून पाहिले. केळ्याची साल सापडलीच नाही, तेव्हा ती कुणीतरी चोरली असे दोन मुलांचे ठाम मत होते. पळसाच्या पत्रावळीच्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या. चिंधी बोटांत धरली की तुटत होती. चंदेरी तुकडा धुतल्यावर पुन्हा चमकू लागला, आणि मुलांनी आपोआप "अरे!" असा जो आवाज काढला तो माझ्या कुठल्याही व्याख्यानाला मिळाला नसता. कागदी कपाने मात्र सगळ्यांना चकवले. कागद मऊ पडून सुटला होता आणि आत पारदर्शक पापुद्र्याचा एक अखंड कप शिल्लक होता. चहा झिरपू नये म्हणून कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, हे मला ठाऊक होते, पण तो असा डोळ्यांपुढे धरून मीही कधी पाहिला नव्हता. दोन महिने थांबायचे नसेल तर कप रात्रभर गरम पाण्यात भिजत घालावा, सकाळी हा पापुद्रा नखाने सोलता येतो.

या सगळ्यानंतर मी त्याच ताईंना वर्गात बोलावले. त्या आधी नाही म्हणाल्या, मग "बोलायला मला जमणार नाही, कामच दाखवते" म्हणाल्या, आणि मला नेमके तेच हवे होते. मुलांना त्यांच्याविषयी थोडे आधी सांगून ठेवले होते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून ओळखी वाढल्या, १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, आणि २००८ मध्ये याच कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. त्या घरटी दरमहा शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्यातून जे विकता येते त्याचे पैसे त्यांचे. तिसरीच्या मुलांना यातले सन लक्षात राहणार नाहीत आणि राहायला नकोतही. 'कागद, काच, पत्रा' हे शब्द मात्र त्यांना एखाद्या बडबडगीतासारखे आवडले आणि मधल्या सुट्टीत त्यावर उड्या मारण्याचा एक खेळही तयार झाला.

ताईंनी फरशीवर पोते रिकामे केले आणि बसकण मारली. पुठ्ठा एका बाजूला, पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, शांपूच्या बाटल्यांसारखे जाड प्लास्टिक, पत्र्याचे डबे, काच. हात इतके भरभर चालत होते की मुले मोजायचे विसरली. मध्येच एका मुलाने हात लांब करून दोन ढीग बदलले. ताईंनी एका ढिगात ठेवलेले झाकण त्याने उचलून दुसऱ्यात ठेवले आणि "हे कडक आहे, वाजवून बघा" म्हणाला. ताईंनी खरोखर वाजवून पाहिले आणि "बरोबर आहे की रे" म्हणून मान डोलावली. हा मुलगा वर्गात क्वचितच बोलतो. प्लास्टिकचा आवाज त्याला कुठून कळतो हे मी विचारले नाही. काही दिवसांनी त्याने आपण होऊन शेजारच्या मुलाला सांगितले की त्याची आजीही हेच काम करते आणि रविवारी तो तिच्याबरोबर बसून माल निवडतो. त्यानंतर वर्गात एखादी वस्तू कुठल्या ढिगात जाईल यावर वाद झाला की मुले माझ्याकडे न येता त्याच्याकडे जाऊ लागली. असे बोलावणे करताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. ज्या मुलांच्या घरची माणसे या कामात आहेत, ती त्याच बाकांवर बसलेली असू शकतात आणि त्यांना कुणासमोर उभे करण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

वेफर्सच्या पाकिटांचा ढीग ताईंनी कुठल्याच बाजूला लावला नाही. "ह्याचं काय होत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. मुलांना ते पटेना, कारण पाकीट आतून चांदीसारखे चमकते आणि चांदी तर महाग असते. मग मी सांगितले की आतली चमक म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आहे, तो प्लास्टिकवर असा बसवलेला असतो की प्लास्टिक आणि धातू पुन्हा वेगळे करणे भंगाराच्या धंद्यात परवडत नाही. हेच ॲल्युमिनियम एखाद्या डब्याच्या रूपात असते तर ते कितीही वेळा वितळवता आले असते, काचेचेही तसेच. कागदाचे तंतू मात्र प्रत्येक फेरीत आखूड होत जातात आणि काही फेऱ्यांनंतर त्यांतून कागद बनत नाही. वाढदिवसाच्या भेटींच्या कागदांसाठी मुलांना एक सोपी चाचणी शिकवली, ती त्यांना फार आवडते. कागद मुठीत घट्ट चुरगाळायचा आणि सोडून द्यायचा. चुरगळलेलाच राहिला तर कागद, पुन्हा उलगडू लागला तर प्लास्टिक.

जाता जाता ताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. फुटलेली काच आणि ब्लेड वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी द्या, नाहीतर पोत्यात हात घातला की बोट कापते. आणि धाकट्या भावंडांचे डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते उघडून पाहण्याची वेळ आमच्यावर येत नाही. त्यांनी हाताच्या बोटावरचा जुना व्रण दाखवला. लाल खडूने ठिपका काढणे हे काम सात वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातले आहे, आणि पुढच्या काही दिवसांत किती घरांत नको तितके ठिपके काढले गेले ते पालकसभेत मला ऐकायला मिळाले.

दुधाच्या पिशवीचा कोपरा हीही अशीच एक बारीक गोष्ट. पिशवी कापताना आपण तिचा कोपरा पूर्ण कापून टाकतो. पिशवी धुऊन वाळवली तर विकली जाते, पण तो नखाएवढा तुकडा कुणीच वेचत नाही, तो मोरीतून गटारात जातो. कोपरा अर्धवट कापून पिशवीलाच लोंबता ठेवला की प्रश्न मिटतो. वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी रोज सकाळी एक तरी पिशवी फुटते, तेव्हा हा गृहपाठ सर्वांना करता येतो आणि त्याला वहीही लागत नाही.

बाटली आणि तिचे झाकण वेगवेगळ्या प्लास्टिकचे असतात हे दाखवायला आम्ही दोन्हींचे लहान तुकडे कापून पाण्याच्या भांड्यात टाकले. बाटलीचे तुकडे बुडाले, झाकणाचे तरंगले. कारखान्यातही दळलेले प्लास्टिक असेच पाण्यात सोडून वेगळे करतात, असे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे ते तांदूळ धुतात तसं." तांदूळ धुताना तरंगणारा कोंडा त्याने घरी पाहिला होता. यापेक्षा चांगली उपमा मला सुचली नसती.

आता जे फसले त्याविषयी. कचरा कमी करण्यासाठी मी पहिल्या वर्षी वर्गात चांदण्यांची स्पर्धा ठेवली: ज्याच्या डब्याबरोबर कमी वेष्टने येतील त्याला तक्त्यावर एक चांदणी. पहिल्या आठवड्यात आकडे इतके सुधारले की मी मुख्याध्यापकांना अभिमानाने तक्ता दाखवला. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या वर्गाच्या बाई तक्रार घेऊन आल्या की त्यांचा डबा रोज भरून वाहतो आहे. माझी मुले आपली वेष्टने त्यांच्या डब्यात टाकून येत होती आणि काही चतुर मुलांनी ती दप्तराच्या तळाशी कोंबून घरी नेली होती. मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मी चांदणी मागितली होती आणि त्यांनी ती मिळवली होती. आपल्या शहरानेही पूर्वी याहून वेगळे काही केले नाही. कोथरूडला कचरा डेपो होता, मग कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या बाजूला जाऊ लागला, आणि तिथल्या ग्रामस्थांना दुर्गंधी आणि दूषित पाण्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. मुलांना हे मी सांगितले तेव्हा वनाजहून मेट्रोने फिरायला जाणारी एक मुलगी चकित झाली, कारण तिथल्या मेट्रोच्या डेपोची जागा हीच जुन्या कचरा डेपोची. "मग तो कचरा शेजारच्या वर्गात टाकला?" असे तिने विचारले. हो, म्हटले, साधारण तसेच.

चांदण्या काढून टाकल्या आणि आम्ही येणाऱ्या वस्तूंचा उगमच हाती घेतला. जूनमध्ये वह्यांना तपकिरी कागद आणि वरून प्लास्टिकचे आवरण घालण्याची जी सक्ती असते, ती माझ्या वर्गापुरती रद्द केली. जुन्या कॅलेंडरची पाने उलटी करून घातली तरी वही वर्षभर नीट टिकते. वर्षाअखेरीस उरलेली कोरी पाने काढून, दाभणाने शिवून कच्च्या कामाच्या वह्या केल्या. वाढदिवसाला वर्गात वाटायच्या चॉकलेटांचा प्रश्न अवघड होता, कारण त्यात पालकांची हौस असते आणि हौसेला नाही म्हणणे पुण्यातही सोपे नाही. राजगिऱ्याचे किंवा शेंगदाण्याचे लाडू डब्यातून आणून प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे, असे सुचवून पाहिले. बहुतेकांनी ऐकले, काहींनी ऐकले नाही, आणि ज्यांनी चॉकलेटे आणली त्यांच्या मुलांना मी काही बोलले नाही. फुग्याची आणि लॉलीपॉपची प्लास्टिकची काडी, छोटे प्लास्टिकचे झेंडे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि महाराष्ट्राची स्वतःची प्लास्टिकबंदी त्याच्याही आधीची, मार्च २०१८ ची. स्वातंत्र्यदिनाच्या आधी मुले ही यादी तोंडपाठ करून फाटकाबाहेरच्या विक्रेत्याकडचे झेंडे तपासायला निघाली, तेव्हा त्यांना आवरावे लागले. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या विक्रेत्याला कायदा ऐकवणे हा दुसरीच्या मुलांचा अभ्यासक्रम नव्हे.

हीच गोष्ट घरच्या आजी-आजोबांबाबतही झाली. एका मुलाने आजीला प्लास्टिकच्या पिशवीवरून चांगलेच फैलावर घेतले. आजींनी शांतपणे गादी उचलून दाखवली. खाली घड्या घातलेल्या पिशव्यांची थप्पी, सुतळीची गुंडाळी, लग्नपत्रिकांची कोरी पाकिटे आणि साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे. त्या आजी मग एकदा वर्गात आल्या आणि जुन्या लुगड्यांची गोधडी कशी घालतात ते त्यांनी दाखवले. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेताना घासाघीस कशी करायची, याचे नाट्यरूपांतर तर मुलांनी आठवडाभर चालवले. मुलांच्या तोंडून मोठ्यांना उपदेश करवण्याची एक पद्धत हल्ली शाळांमध्ये रूढ होते आहे. मला ती खटकते, कारण ज्यांना उपदेश होतो त्यांनीच बहुधा सर्वांत कमी कचरा केलेला असतो.

खताच्या बादलीचीही कथा सांगायला हवी. शालेय पोषण आहारातली उरलेली खिचडी आणि मुलांच्या डब्यांतल्या पोळ्या यांचे खत करू, म्हणून तळाला आणि कडेला भोके पाडलेली बादली ठेवली. चौथ्या दिवशी मागच्या व्हरांड्यात उभे राहवेना आणि सहाव्या दिवशी बादलीतून पांढरट अळ्या चालत बाहेर आल्या. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. चूक माझीच होती. खिचडी ओली आणि चिकट, तिच्यात हवा खेळत नाही, आणि हवा नसली की कुजण्याऐवजी सडते व वास सुटतो. दर थरावर तेवढाच किंवा त्याहून अधिक वाळका पाला घालायला हवा होता, तो मी मूठभर घातला होता. पाल्याला पुण्यात तोटा नाही. शाळेसमोरच्या बदामाची आणि रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांची पाने उन्हाळ्याच्या तोंडावर ढिगाने पडतात आणि अनेकदा झाडून कोपऱ्यात पेटवली जातात. तोच पाला मुलांनी पोत्यात भरून आणला. बदामाचे पान जाड असते, ते हाताने फाडून टाकावे लागते, आणि फाडण्याचे काम मुलांना केव्हाही प्रिय. थोडे आंबट ताक शिंपडून दर दोन दिवसांनी सगळे वर-खाली केले. अळ्यांना मारायचे नाही असे ठरले, कारण त्या आमचेच काम आमच्यापेक्षा जलद करत होत्या. सुमारे दोन महिन्यांनी बादलीत पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास असलेली काळी भुसभुशीत माती होती, आणि पोषण आहाराच्या काकू आता स्वतःहून विचारतात की आज उरलेले किती पाठवू. हे ऐकून मला मात्र वाटते की मुळात उरतेच का. मुलांना हवे तेवढेच वाढून घ्यायला सांगितल्यापासून बादली भरायला जास्त दिवस लागतात. माझ्या मते तेच बादलीचे खरे काम आहे, पण खताच्या फोटोंना जसे कौतुक मिळते तसे न उरलेल्या खिचडीला मिळत नाही.

गेल्या डिसेंबरात 'टाकाऊतून टिकाऊ'चे पत्रक पुन्हा वर्गात आले. टेबल मी या वेळी दुसऱ्या बाईंना दिले आणि शेजारी आमच्या वर्गाचे एक छोटे टेबल मागून घेतले. त्यावर तराजू, शिवलेल्या वह्या, एक गोधडी, खताची बरणी, सोललेला कागदी कप आणि तीन वर्षांपूर्वी त्या पोत्यातून परत ठेवून घेतलेली एक पेनदाणी होती. ती साफ करून बाटली म्हणून परत देता येईल का, हे पाहायला आम्ही आधी तिच्यावर प्रयोग केला होता. आजीबरोबर माल निवडणाऱ्या मुलाने ती गरम पाण्यात भिजवली, पट्टीने खरवडली, खोबरेल तेल चोळून पाहिले. अर्ध्या तासाने वरची लेस सुटली, गोंद बराचसा निघाला, चमकी मात्र बाटलीवरून सुटून त्याच्या दोन्ही हातांना, गणवेशाला आणि माझ्या टेबलाला लागली. ताईंना बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, कडेकडेने चिकटून राहिलेले ठिपके पाहिले आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "मेहनत चांगली केलीस. पण नाही घेणार तो."